साहेब, मग थांबवतं कोण?

नमस्कार श्रोतेहो. तहसील कचेरीसमोरच्या दुकानात सातबाऱ्याची प्रत काढून देणारं मशीन आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. ज्या कंपनीच्या नावाने आपण त्या प्रतीला हाक मारतो, त्या कंपनीच्या एका प्रमुख बाईंबद्दल आज बोलायचं आहे. त्यांचं नाव उर्सुला बर्न्स.

जन्म १९५८चा, न्यूयॉर्कमधला. आई ओल्गा पनामाहून आलेली. मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड भागातल्या सरकारी वसाहतीत तिने एकटीने तीन मुलं वाढवली. लोकांची मुलं सांभाळायची, कपड्यांना इस्त्री करून द्यायची. आईची कमाई वर्षाला ४,४०० डॉलरच्या वर कधी गेली नाही, असं उर्सुला सांगतात. तरीही मुलांना तिने पैसे भरून कॅथलिक शाळेत घातलं. तिथून निघणाऱ्या मुलीने नन व्हावं, नर्स व्हावं, नाहीतर शिक्षिका, अशी रीत होती. ही मुलगी गणिताच्या जोरावर ब्रुकलिनला मेकॅनिकल इंजिनिअर झाली. १९८० साली उन्हाळी प्रशिक्षणार्थी म्हणून झेरॉक्समध्ये शिरली, आणि पुढे कोलंबिया विद्यापीठाची पदव्युत्तर पदवीही घेतली.

पहिली काही वर्षं इंजिनिअरची साधी नोकरी. मग १९८९मध्ये एका बैठकीत कुणीतरी उठून विचारलं, की कंपनी स्त्रियांना आणि काळ्यांना घेतेय, म्हणजे दर्जा खाली येतोय का? वेलँड हिक्स या वरिष्ठांनी शांतपणे उत्तर दिलं. उर्सुला भडकल्या. असल्या प्रश्नाला तुम्ही उत्तर देण्याइतकी किंमत दिलीत तरी कशी, असं त्यांनी हिक्सनाच सगळ्यांदेखत सुनावलं. हिक्सनी बोलावून घेतलं, बोलण्याच्या पद्धतीवरून कानउघाडणी केली, आणि पुढे स्वतःच्या कार्यालयात सहायक म्हणून नेमलं.

वर्षभरात तोच प्रकार आणखी वरच्या पायरीवर. कंपनीचे अध्यक्ष पॉल अलेअर महिन्यामागून महिने बजावत होते, भरती बंद. आणि दर महिन्याला हजारेक माणसं येतच होती. उर्सुलांनी हात वर केला. विचारलं ते साधारण असं: साहेब, तुम्ही बंद म्हणूनही भरती होते आहे, मग ती खरोखर थांबवतं कोण? अलेअर यांनीही त्यांना आपल्याच कार्यालयात नेलं. अशा प्रश्नानंतर माणसाची बदली कुठे होते, हे नोकरदार श्रोत्यांना मी काय सांगावं! उर्सुलांच्या धिटाईचं कौतुक आहेच, पण ती बाजूला न सारणाऱ्या त्या दोन साहेबांचंही मला वाटतं.

२००० साली झेरॉक्स बुडायच्या बेतात होती. अॅन मुल्काही प्रमुख झाल्या आणि उत्पादनाचा भार उर्सुलांवर आला. काम कडवट होतं. यंत्रं बनवण्याचं बरंचसं काम बाहेरच्या फ्लेक्सट्रॉनिक्सकडे सोपवायचं, आणि कामगार संघटनेसमोर बसून सांगायचं की काही नोकऱ्या गेल्या नाहीत तर सगळ्याच जातील. हजारो माणसं घरी गेली. कंपनी जगली.

जुलै २००९मध्ये त्या मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या. अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या पाचशे कंपन्यांच्या, म्हणजे फॉर्च्युन ५०० यादीतल्या कंपनीची सूत्रं हाती घेणारी ही पहिली काळी स्त्री. एवढ्या मोठ्या कंपनीत एका बाईने दुसऱ्या बाईच्या हाती कारभार द्यावा, हेही तिथे पहिल्यांदाच घडत होतं.

पुढचं सगळं यशाचं नाही. कागदाचा धंदा आटणार हे ओळखून त्यांनी सुमारे ६.४ अब्ज डॉलरना अफिलिएटेड कॉम्प्युटर सर्व्हिसेस ही दुसऱ्यांची कार्यालयीन कामं करून देणारी कंपनी विकत घेतली. निदान बरोबर होतं, पण संसार जमला नाही. कार्ल आयकान यांच्यासारखा, शेअर घेऊन कंपनीवर बदलांसाठी दबाव आणणारा गुंतवणूकदार दारात उभा राहिला, कंपनीची दोन शकलं करायचं ठरलं आणि २०१६च्या अखेरीस उर्सुलांनी पद सोडलं. असे फसलेले सौदे पुरुष प्रमुखांच्या नावावर ढिगाने आहेत. त्यानंतर त्यांच्या जागी पुन्हा पुरुषच येणार का, असं कुणी विचारत नाही.

उर्सुला गेल्यावर फॉर्च्युन ५०० यादीत कायम नेमणुकीची दुसरी काळी स्त्री प्रमुख दिसायला २०२१ उजाडलं. त्या रोझलिंड ब्रुअर, वॉलग्रीन्स या औषध-दुकानांच्या कंपनीच्या. २०२३मध्ये त्यांनीही पद सोडलं.