समुद्रातील पवनचक्क्या उतरवताना

श्रोतेहो, समुद्रात उभारलेला जगातील पहिला पवनऊर्जा प्रकल्प डेन्मार्कमधील व्हिन्डेबी येथे १९९१ साली सुरू झाला आणि २०१७ साली तो उतरवण्यात आला. प्रत्येकी ४५० किलोवॅटच्या त्या अकरा पवनचक्क्यांची पाती आणि मनोरे क्रेनने सुटे करून किनाऱ्यावर आणता आले. काँक्रीटचे पाये मात्र जागेवरच फोडून त्यांचे तुकडे गोळा करावे लागले. उभारणीच्या वेळी घेतलेले निर्णय पाव शतकानंतर असे समोर येतात.

पवनचक्कीच्या वजनापैकी ८५ ते ९० टक्के भागाचे पुनर्चक्रीकरण होऊ शकते, असे हा उद्योग नेहमी सांगतो. आकडा खोटा नाही, पण तो वजनाचा आहे आणि वजन प्रामुख्याने पोलादाचे असते. मनोरा भट्टीत गेला की पोलाद उरते, मनोरा उरत नाही. तो घडवताना लागलेली मेहनत आणि ऊर्जा वाया जाते. म्हणूनच चक्रीय अर्थव्यवस्थेत, म्हणजे वस्तू आणि साहित्य शक्य तितके वापरात ठेवण्याच्या पद्धतीत, आयुष्य वाढवणे आणि आहे तसा वापर करणे यांचा क्रमांक वितळवण्याच्या आधी लागतो. स्वीडनमध्ये गोटलंड बेटाजवळील बोकस्टिगेन या १९९८ सालच्या प्रकल्पात २०१८ साली जुने पाये आणि मनोरे कायम ठेवून, त्यांवर डागडुजी केलेली वापरलेली यंत्रे व पाती बसवण्यात आली आणि पाच पवनचक्क्यांची एकूण क्षमता २.७५ वरून ३.३ मेगावॅट झाली. वाढ किरकोळ असली, तरी मला हे उदाहरण कोणत्याही चकचकीत पुनर्चक्रीकरण कारखान्यापेक्षा अधिक मोलाचे वाटते. अर्थात, हे सर्वत्र जमणार नाही, कारण लाटा आणि वाऱ्याने वर्षानुवर्षे थकवलेला जुना पाया आजच्या अवाढव्य यंत्राचा भार पेलू शकत नाही.

खरी अडचण पात्याची आहे. पाते आडवे कापून पाहिले, तर काचतंतूंचे थर, मध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम आणि या सर्वांत मुरून घट्ट झालेली इपॉक्सी राळ दिसते. ही राळ एकदा कडक झाली की उष्णतेने पुन्हा वितळत नाही. त्यामुळे पात्याचा भुगा सिमेंटच्या भट्टीत घालतात. तिथे राळ इंधनाचे काम करते आणि काचेतील सिलिका सिमेंटमध्ये मिसळते. पाती जमिनीत पुरण्यापेक्षा हे बरे, पण याला चक्र म्हणणे जरा धाडसाचेच. सौम्य आम्लात सुटणारी राळ वापरलेली पाती जर्मनीच्या कास्कासी प्रकल्पात २०२२ साली बसवली गेली. जुन्या पात्यांना मात्र तिचा उपयोग नाही.

गिअरबॉक्स नसलेल्या अनेक समुद्री पवनचक्क्यांच्या जनित्रांत निओडिमियम या धातूचे चुंबक असतात. ते वेळीच वेगळे न काढता पोलादाच्या भंगारासोबत भट्टीत गेले, तर निओडिमियम भट्टीतील धातुमळीत मिसळते आणि व्यवहारतः हरवते. ते वेगळे काढायला वेळ हवा, आणि क्रेनच्या जहाजाचे भाडे तर दिवसाच्या हिशेबाने चढत असते; म्हणून हे काम समुद्रावर नव्हे, बंदरात व्हायला हवे, आणि त्यासाठी बंदरात मोकळी, भक्कम जागा आधीपासून राखून ठेवावी लागते.

शिवाय सुट्या भागांसोबत त्यांचे कागद लागतात. गिअरबॉक्स किती तास चालला, तेल केव्हा बदलले, मनोऱ्याच्या वेल्डिंगमध्ये कधी तडा आढळला होता का, याची नोंद नसेल, तर कोणताही जबाबदार अभियंता तो भाग दुसरीकडे बसवण्यास मान्यता देत नाही, आणि धडधाकट यंत्रही मग किलोच्या भावाने जाते.