व्हेरायटी चौकातली कंबर

(रात्र. लोखंडी सांगाडा, दोर.)

रात्रीचा दीड. नागपुरात सीताबर्डीचं मार्केट केव्हाच बंद झालंय. व्हेरायटी चौकात चाळीस बाय वीसचं फ्लेक्स वर चढतंय. घडी अशी, की आधी ओठ उलगडतात, मग कंबर. ओठांच्या वर काहीच नाही. जाहिरात कशाची? नळाची. बाथरूमच्या नळाची.

"आपल्याले काय भाऊ, पार्टी देते ते टांगतो," दोर धरलेला सांगतो.

(दुकान. कॉम्प्युटरचा पडदा.)

दोन दिवसांपूर्वी हे चित्र इथे होतं, बर्डीच्याच एका गल्लीत. फोटो विकतचा. माउस बघा. कंबर आत ढकलली. अजून थोडी. मांडीवरचा डाग पुसला, कातडी उजळली. तेवढ्यात पार्टीचा फोन, नळ लहान दिसतो. मग नळ मोठा झाला आणि त्याला जागा करायला बाईचे डोळे कापले. आता छपाई. निळी, गुलाबी, पिवळी, काळी, चार शाया. यंत्राचं डोकं सरकतं आणि बाई वितावितानं बाहेर येते. पट्टे गरम करून जोडायचे, कडेनं आयलेट, म्हणजे दोर ओवायच्या कड्या, ठोकायचे. (शाईचा वास कॅमेऱ्यात आला नाही, बरंच झालं.)

जाहिरातवाल्यांचं उत्तर ठरलेलं: समाजात आहे तेच आम्ही दाखवतो, आम्ही आरसा. पाठोपाठ खजुराहो निघतंच. पण कंबर दोन बोटं कमी करणारा आरसा कुठे मिळतो?

(जुन्या जाहिराती.)

1991 मध्ये एका कंडोमच्या जाहिरातीनं गहजब केला. 1995 मध्ये बुटांसाठी दोन मॉडेल अंगावर फक्त बूट आणि अजगर घेऊन उभे राहिले. खटला 2009 पर्यंत चालला, दोघं निर्दोष सुटले. जाहिरातीत बाईला असभ्य दाखवायला बंदी करणारा कायदा 1986 चा. तरी 2022 मध्ये एका बॉडी स्प्रेची जाहिरात केंद्राला काढायला लावावी लागली, तीही टीव्हीवर दाखवून झाल्यावर. अशा चित्रांचा मुलींच्या आत्मविश्वासाशी आणि खाण्यापिण्याशी संबंध अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं 2007 मध्ये मांडलाय.

(सकाळ. सिग्नल लाल.)

साडेनऊलाच ऊन चढलंय. वर डोळे नसलेली बाई. खाली स्कूटीवरच्या मुली, आपल्या नागपुरी पद्धतीनं तोंडाला ओढणी गुंडाळलेल्या. दिसतात ते फक्त डोळे. एक मुलगी वर बघते.

(सिग्नल सुटेपर्यंत शॉट धरावा. निवेदन नाही.)