तीन अल्बम, एक साल: १९८६चा मेटल वाद

(पडद्यावर: तीन अल्बमची कव्हरं शेजारी शेजारी. पार्श्वभूमीला फक्त मेट्रोनोमची टकटक.)

१९८६. मार्चमध्ये मेटालिकाचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ बाजारात आला. ऑक्टोबरात स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’. आणि त्याच वर्षी मेगाडेथचा ‘पीस सेल्स... बट हूज बाइंग?’. तिन्ही बँड कॅलिफोर्नियातले, तिन्ही थ्रॅशचे, म्हणजे हेवी मेटलच्या वेगवान, आक्रमक प्रकारातले. यातला भारी कोणता, हा वाद मेटल ऐकणाऱ्यांत तेव्हापासून चालू आहे. १९८६ सालीच मुंबईत ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा रॉक महोत्सव सुरू झाला, धोबीतलावचं उघड्यावरचं रंगभवन त्याच्यासाठी ओळखलं जाऊ लागलं, आणि हा वाद आपल्याकडेही आला. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातला आवाज थांबला. वाद थांबला नाही.

या वादाची एक अडचण आहे. तो रंगतो, पण पुढे सरकत नाही. आणि त्याचं मुख्य कारण आवडीनिवडीचं नाही. वाद घालणारे दोघं बहुतेक वेळा एकच रेकॉर्डिंग ऐकतच नसतात.

मेगाडेथचं बघा. २००४ साली या बँडचे जुने अल्बम पुन्हा आले तेव्हा ते नुसते नव्याने मास्टर केलेले (तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवलेले) नव्हते, मिक्सच नव्याने केलेलं होतं. म्हणजे ड्रमचा पोत, गायनाची पातळी, गिटार डावीकडे किती आणि उजवीकडे किती, हे सगळं बदललं. एकाने जुनी कॅसेट ऐकलेली, दुसऱ्याने २००४ची सीडी. ‘ड्रम काय वाजतात!’ असं दोघंही म्हणतात आणि दोन वेगळ्या ड्रमबद्दल बोलतात. म्हणून वादाआधी पहिला प्रश्न: कुठल्या सालची आवृत्ती? सीडीच्या मागच्या बाजूला किंवा ॲपमध्ये अल्बमच्या तळाशी लिहिलेलं साल वाचायचं. मूळ १९८६ आणि २००४ दिसलं, तर तुलना तिथेच थांबवायची आणि दोघांनी एकच आवृत्ती लावायची.

दुसरा प्रश्न आवाजाच्या पातळीचा. दोन रेकॉर्डिंगमध्ये एखाद्या डेसिबलचा फरक असला, तरी जे मोठ्याने वाजतं ते आपल्याला ‘जड’ आणि ‘ताकदीचं’ वाटतं. कानाची ही खोड प्रत्येकाला असते, त्यात अनुभवी आणि नवखा असा भेद नाही. ऐंशीच्या दशकातली सीडी बऱ्यापैकी हळू आवाजात मास्टर केलेली असते, नंतर पुन्हा काढलेली आवृत्ती मोठ्या आवाजात. शेजारी शेजारी लावली की नवी जिंकणार हे ठरलेलंच.

(पडद्यावर: संगणकाचा स्क्रीन, ऑडॅसिटी उघडलेलं, दोन ट्रॅक एकाखाली एक.)

हे टाळायला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. दोन्ही गाणी त्यात उघडा. प्रत्येकाचा साधारण अर्ध्या मिनिटाचा तुकडा कापा, एकाच प्रकारचा: रिफला (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) रिफ, सोलोला (एकाच वाद्याला पुढे आणणारा भाग) सोलो. मग दोन्ही ट्रॅक निवडून इफेक्टमधला लाउडनेस नॉर्मलायझेशन वापरा आणि दोघांना एकच आकडा द्या, वजा २३ ठेवला तरी चालेल. प्रत्येक ट्रॅक स्वतंत्र मोजला जाईल, हे पाहून घ्या. नाहीतर दोघांची पातळी एकत्र हलते आणि फरक जसाच्या तसा राहतो. मग बटण मित्राच्या हातात द्या. तुम्ही स्क्रीनकडे पाठ करा, त्याने न सांगता आठदहा वेळा तुकडे बदलावेत आणि तुमचं उत्तर लिहून ठेवावं. स्ट्रीमिंग ॲपवर ऐकत असाल तर सेटिंगमधलं आवाज सारखा ठेवणारं बटण चालू आहे की बंद, एवढं तरी दोघांचं सारखं असू द्या.

मोजमापाने चाहत्यांचा वाद किती पक्का होऊ शकतो, याचं उत्तम उदाहरण मेटालिकाच्याच २००८च्या ‘डेथ मॅग्नेटिक’चं आहे. सीडी ऐकून लोक म्हणाले, आवाज फाटतोय, कान दुखतात. दुसरी बाजू म्हणाली, मेटल असंच असतं. पण तीच गाणी ‘गिटार हिरो’ या खेळासाठीही दिली होती. खेळाला प्रत्येक वाद्याचा वेगळा ट्रॅक लागतो, त्यामुळे तिथला आवाज शेवटच्या दाबणीतून, म्हणजे शेंडे छाटून सगळं मोठ्या आवाजात आणण्यातून, गेलेला नव्हता. चाहत्यांनी दोन्ही आवृत्त्यांचे आलेख शेजारी ठेवले. सीडीचा आलेख सपाट छाटलेला, खेळातल्यात ड्रमचे टोकदार शेंडे शाबूत. डायनॅमिक रेंजच्या (हळू आणि मोठ्या आवाजातल्या अंतराच्या) मीटरवर सीडी ३च्या आसपास आणि खेळातली आवृत्ती १२च्या आसपास. मास्टरिंग करणारे टेड जेन्सन यांनीही म्हटलं की मिक्स त्यांच्या हाती आलं तेव्हाच दाबलेलं होतं. शेंडा छाटला की स्नेअरचा (कडक आवाजाच्या ड्रमचा) फटका गिटारच्या वर उठत नाही, सगळं एकाच उंचीवर घोंगावतं, म्हणून कान लवकर थकतो. तक्रार करणाऱ्यांचा कान बरोबर होता.

(पडद्यावर: गिटारच्या ब्रिजजवळ उजव्या हाताचा क्लोज-अप. पिक (तार छेडायची छोटी पट्टी) फक्त खाली येतंय.)

आता १९८६कडे. ‘मास्टर ऑफ पपेट्स’च्या बाजूने बोलणारा माणूस बहुधा रिफपासून सुरुवात करतो, आणि त्याने तसंच करावं. या शीर्षकगीताची गती मिनिटाला साधारण २१२ मात्रा. मात्रेला दोन स्वर, म्हणजे मिनिटाला ४२४, सेकंदाला सात. मेटालिकाचा गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्ड हे सगळे फटके खालच्या दिशेने मारतो. खाली-वर पिकिंग केलं तर हाताचे कष्ट निम्मे होतात, पण आवाज बदलतो: खालचा फटका जाड तारेवर आधी आणि हाताच्या वजनाने पडतो, वरचा पातळ तारेकडून येतो आणि हलका लागतो. एकाआड एक जड-हलकं ऐकू आलं की रिफची धार जाते. सातही फटके सारखे जड पडतात, म्हणून हे गाणं दात आवळून वाजवल्यासारखं ऐकू येतं.

वाजवून बघणारे इथे दोन ठिकाणी अडतात. पहिलं, हात कोपरातून हलवतात. अर्ध्या मिनिटात हाताचा वरचा भाग दगड होतो आणि लय मागे पडते. हालचाल मनगटातून हवी, पिकचं टोक तारेपलीकडे जेमतेम जायला हवं, आणि पिक एक मिलिमीटरच्या आसपास जाड हवं. पातळ पिक वाकतं आणि सरळ व्हायला वेळ खातं. मेट्रोनोम १५०वर लावून सुरुवात करा, दोन मिनिटं न अडखळता जमलं की पाचने वाढवा. दुखायला लागलं तर थांबा, ते रेटायचं दुखणं नाही. दुसरी अडचण तळव्याची. पाम म्यूटसाठी, म्हणजे तळव्याने तार दाबून आवाज बंदिस्त करण्यासाठी, तळव्याची कड ब्रिजवर, जिथून तार निघते तिथेच टेकवायची. बोटभर पुढे सरकली की स्वर मरतो, नुसती थपथप उरते. मागे राहिली की तार घुमते आणि रिफ सांडते.

ॲम्पच्या बाबतीतही एक गैरसमज पसरलेला आहे. या अल्बमवर मेसा बूगीचा मार्क टू-सी प्लस आहे, आणि आवाज जाड वाटतो तो एकाच रिफचे अनेक थर हेटफील्डने स्वतः, तंतोतंत सारखे वाजवल्यामुळे. घरी लोक तोच जाडपणा डिस्टॉर्शन (आवाजाचा खरखरीतपणा) वाढवून आणि मिड (मधल्या पट्टीचा आवाज) शून्यावर नेऊन शोधतात. खोलीत एकट्याला ते छान वाटतं. ड्रम आणि बेस सुरू झाले की गिटार गायब. डिस्टॉर्शन कमी करा, मिड वाढवा, आणि तोच भाग दोनदा रेकॉर्ड करून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवा.

याच गाण्यात चाहत्यांचा एक अतिशय बारीक वाद लपलेला आहे. कडव्याखालच्या रिफमध्ये चार मात्रांचे तीन बार (तालाची आवर्तनं) येतात आणि चौथा बार तोकडा पडतो. छापील नोटेशनमध्ये तो सहसा ५/८ लिहितात, म्हणजे अडीच मात्रा. पण रेकॉर्डिंग मोजणाऱ्यांना तो अडीचपेक्षा किंचित लांब भरतो. मग हा ठरवून केलेला हिशेब की बँडने एकत्र वाजवताना अंगात भिनलेली ढकल? आमच्या कानाला दुसरं पटतं. पायाने ताल धरा: चौथ्या बारला पाय चुकतो आणि पुढची सम अंगावर येते. त्या धक्क्यासाठीच तो बार तोकडा आहे.

मेटालिकाच्या बाजूने अजून एकच पुरावा, याच अल्बममधलं ‘ओरायन’. सुरुवातीला हळूहळू वर येणारा तो घनगंभीर आवाज सिंथसायझरचा नाही, बँडचा बेसवादक क्लिफ बर्टनच्या बेसचा आहे, इफेक्ट लावून थरांवर थर चढवलेला. बर्टन बेसला वाह (‘वा-वा’ असा आवाज काढणारं पेडल) आणि डिस्टॉर्शन लावायचा, त्यामुळे त्याचे सोलो गिटारचे समजून पुढे गेलेले श्रोते पुष्कळ आहेत. सप्टेंबर १९८६मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात तो गेला.

(पडद्यावर: काळा पडदा. मग ड्रमच्या दोन बेस पेडलवरचे पाय.)

‘रेन इन ब्लड’ दहा गाण्यांचा आणि एकोणतीस मिनिटांचा आहे. इतका आटोपशीर की कॅसेटच्या प्रत्येक बाजूला अख्खा अल्बम भरलेला होता. गती सरासरी २१०च्या आसपास मानतात. त्या गतीला मात्रेचे चार तुकडे केले तर दोन स्वरांत सुमारे ७० मिलिसेकंदांचं अंतर राहतं. एखाद्या सेकंदाचा रिव्हर्ब (घुमारा) लावला तर एका स्वराची शेपटी पुढच्या चौदा स्वरांवर पसरेल. स्लेयरच्या आधीच्या अल्बमवर नेमकं हेच झालं होतं. निर्माता रिक रुबिन आणि इंजिनियर अँडी वॉलेस यांनी इथे रिव्हर्ब जवळजवळ काढून टाकला. खोलीचा घुमारा नाही, तार आणि कातडं थेट कानाशी. वेगवान बँड याआधीही होते. एवढा वेग इतका स्वच्छ ऐकू आला तो इथे. ‘एंजल ऑफ डेथ’च्या शेवटाकडे सगळे थांबतात आणि ड्रमर डेव्ह लोंबार्डोचे दोन पाय एकटे धावतात. ते काही क्षण हेडफोनवर ऐका. प्रत्येक ठोका वेगळा मोजता येतो.

याच गाण्यावर दुसरा, जास्त गंभीर वाद आहे. ते ऑशविट्झ या नाझी छळछावणीतला डॉक्टर योझेफ मेंगेले याच्या प्रयोगांवर आहे. वितरक कोलंबियाने अल्बम काढायला नकार दिला आणि तो गेफेनकडून आला. गाणं अत्याचारांचं वर्णन करतं, निषेधाचं वेगळं वाक्य जोडत नाही, आणि वादाचं मूळ तिथे आहे. शब्द वाचले तर त्यात गौरव सापडत नाही. पण ज्यांच्या घरादाराला तो इतिहास भोगावा लागला, त्यांना हे गाणं नको वाटत असेल तर ‘मेटल कळत नाही’ म्हणून त्यांना उडवून लावू नये.

‘पीस सेल्स’ला वादात बहुधा तिसरी खुर्ची मिळते, आणि तो अन्याय आहे. ड्रमवर गार सॅम्युअलसन आणि लीड गिटारवर ख्रिस पोलंड, दोघंही जॅझ-फ्यूजनमधून आलेले. म्हणून इथे ड्रम रिफच्या मागे धावत नाहीत. झांजा आणि स्नेअर रिफच्या फटींत बसतात, तालाला झोका मिळतो. ‘वेक अप डेड’मध्ये गायन थोडकं आणि रिफ एकामागून एक बदलत जातात. मेगाडेथचा गायक-गिटारवादक डेव्ह मस्टेनची खास पद्धत म्हणजे लागून असलेल्या तारांवरच्या दोन पॉवर कॉर्ड (दोन स्वरांच्या जोड्या) चारही बोटं वापरून, हात न सरकवता धरायच्या. हात सरकला नाही की तारेची किरकिर येत नाही, आणि इतक्या वेगात तीच किरकिर रिफ घाण करते.

(पडद्यावर: स्क्रीन दोन भागांत. डावीकडे ‘द फोर हॉर्समेन’, उजवीकडे ‘मेकॅनिक्स’.)

मेटालिका की मेगाडेथ, हा भांडणाचा मुद्दा ज्यांना सोडवायचाय त्यांच्यासाठी इतिहासाने प्रयोग तयार ठेवला आहे. मस्टेनला एप्रिल १९८३मध्ये मेटालिकातून काढलं. त्याचं एक गाणं दोन्ही बँडकडे राहिलं. मेटालिकाने ते संथ केलं, मध्ये नवा भाग घातला, शब्द बदलले: ‘द फोर हॉर्समेन’, सात मिनिटांच्या वर. मस्टेनने १९८५ साली ते मूळच्याहून सुसाट वाजवलं: ‘मेकॅनिक्स’, साडेचार मिनिटांच्या आत. तोच रिफ, दोन स्वभाव. आवाज सारखा करून लागोपाठ ऐका. तुम्हाला गाण्याची बांधणी ओढते की त्यातली खुन्नस, हे साधारण बारा मिनिटांत स्वतःलाच कळतं.

पुरावा म्हणून मैफलीचं रेकॉर्डिंग मात्र जपून वापरा. मंचावर गती वाढते, एखादा भाग गाळला जातो, गिटार अर्धा स्वर खाली उतरवलेली असते. मेगाडेथ २००८ला, मेटालिका २०११ला आणि स्लेयर २०१२ला बंगळुरूत वाजले. महाराष्ट्रातून रात्रीच्या बसने आणि रेल्वेने तिथे गेलेल्यांना त्या आठवणी जिवापाड आहेत, असाव्यातच. पण मैदानातल्या आवाजावरून अल्बम तोलता येत नाही.

आमचा कौल विचाराल तर तो असा. एकसंध अल्बम म्हणून ‘रेन इन ब्लड’, कारण त्यातून एक मिनिटही काढता येत नाही. एकटं गाणं म्हणून ‘मास्टर ऑफ पपेट्स’चं शीर्षकगीत, आणि तेही मधल्या संथ भागासाठी, जिथे पहिला सोलो हेटफील्ड वाजवतो; दुसरा, वेगवान सोलो त्यानंतर येतो, तो बँडचा लीड गिटारवादक कर्क हॅमेटचा. ड्रमर म्हणून मात्र गार सॅम्युअलसन, लोंबार्डोच्याही आधी. यावर ज्यांचं रक्त उसळेल त्यांनी ‘वेक अप डेड’ची जुनी आवृत्ती लावावी, फक्त झांजांकडे लक्ष द्यावं आणि मग भांडायला यावं.