गाडी चालवत आलेला गायक

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय अमेरिकन गायक ओटिस रेडिंगच्या पहिल्या अल्बमबद्दल. नाव 'पेन इन माय हार्ट', साल १९६४. पण गोष्ट सुरू होते दोन वर्षं आधी, १९६२ मध्ये.

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात स्टॅक्स नावाची रेकॉर्ड कंपनी होती. जुन्या सिनेमा थिएटरातल्या खुर्च्या काढून त्यांनी स्टुडिओ केला होता. जमीन मात्र पडद्याकडे उतरती, तशीच राहिलेली. तिथे जॉर्जियातल्या मेकनहून जॉनी जेन्किन्स हा गिटारवादक रेकॉर्डिंगला आला. आणि त्याची गाडी कोण चालवत होतं? ओटिस. हो, ड्रायव्हर म्हणून आला होता तो! गाडीतलं सामानही त्यानेच उतरवलं. स्टुडिओतल्यांना वाटलं, हा हमालीला आणलेला पोरगा.

जेन्किन्सचं रेकॉर्डिंग काही रंगेना. ओटिसने मात्र दिवसभर धोशा लावला होता, एकदा माझं गाणं ऐका. शेवटी थोडा वेळ उरला तेव्हा कुणीतरी म्हणालं, बरं, गा. त्याने आधी लिटल रिचर्डच्या ढंगातलं एक जोरकस गाणं म्हटलं. लिटल रिचर्डही मेकनचाच. पण तसा एक गायक जगात आधीच होता, त्यामुळे कुणाला विशेष वाटलं नाही. मग ओटिस म्हणाला, एक संथ गाणं आहे माझं. पियानोवाला तर घरी गेलेला. तेव्हा गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर पियानोवर बसला आणि चर्चमध्ये वाजवतात तसे, एका ठोक्यात तीन-तीन, सूर धरले. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. ओटिस गायला, 'दीज आर्म्स ऑफ माइन'. अंगावर काटा आला म्हणतात तिथल्या लोकांच्या.

जाता जाता सांगतो, आपल्याकडेही निवेदकाने साथीदारांची नावं घेतलीच पाहिजेत. पेटीवाल्याचं नाव न घेता गाणं लावणं मला अजिबात पटत नाही. त्या दिवशी क्रॉपर पियानोवर बसला नसता तर?

असो. अल्बममध्ये बारा गाणी, 'दीज आर्म्स ऑफ माइन' त्यातलंच एक. लिटल रिचर्डचं 'लुसिल' आहे, सॅम कुकचं 'यू सेंड मी' आहे. दोन्ही गुरू स्पष्ट ऐकू येतात. पण संथ गाण्यांत ओटिस फक्त ओटिस असतो. शब्द ओढतो, मध्येच तोडतो, पुन्हा धरतो. नक्कल सोडली तिथे तो सापडला. पुन्हा सांगतो, नक्कल सोडली तिथे. शीर्षकगीत वर्षभरातच इंग्लंडच्या रोलिंग स्टोन्स या बँडने आपल्या रेकॉर्डवर घेतलं. १९६७ च्या डिसेंबरमध्ये ओटिस विमान अपघातात गेला. वय अवघं २६.

आता 'दीज आर्म्स ऑफ माइन' लावतोय. स्वयंपाकघरात असाल तर कुकरखालचा गॅस जरा बारीक करा. 'दीज' हा पहिला शब्द वाद्यांच्या आधी येतो, एकट्या आवाजात. तो चुकवू नका.