चार तास, १२० लिटर

बेळगाव. डायलिसिसच्या वॉर्डात अजून एकही पेशंट आलेला नाही, पण मागच्या खोलीत पाणी शुद्ध करणारा आरओ प्लांट सुरू झालाय. राकसकोप आणि हिडकलचं पाणी नळाला येतं ते क्लोरीन घालूनच. आपण ते बिनघोर पितो. डायलिसिसमध्ये मात्र हे पाणी आणि पेशंटचं रक्त यांच्यामध्ये एक पातळ पडदा तेवढा असतो. क्लोरीन पलीकडे गेलं, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून कार्बन फिल्टरमधून आलेलं पाणी रोज तपासायचं. लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर क्लोरीन चालत नाही. मशीनला लागतं मिनिटाला ५०० मिलिलिटर, म्हणजे चार तासांत एका पेशंटमागे १२० लिटर पाणी.

तपासणारी मुलगी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, सायन्स, आता डायलिसिस टेक्नॉलॉजीचं बीएस्सी. तीन वर्षं कॉलेज झालं, हे इंटर्नशिपचं वर्ष.

आता प्रायमिंग. नळ्यांतून सलाइन सोडायचं आणि डायलायझरला, म्हणजे तो पडदा असलेल्या नळकांड्याला, टिचक्या मारत आतली हवा बाहेर काढायची. एक बुडबुडा अडून बसलाय. सीनियर मागे उभे आहेत, हात लावत नाहीत. हवा आली तर मशीन अलार्म देतं, पंप थांबवतं. पण अलार्मच्या भरवशावर राहायचं नाही, हे इथं आधी शिकवतात.

चंदगडचे काका आले. पहिल्यांदा वजनकाटा.

"काका, पाणी लई पिलासा काय?"

काका नुसतेच हसतात. पुढच्या खाटेवर तोच प्रश्न कन्नडमध्ये: "नीर एष्ट कुडदीरी?" मागच्या डायलिसिसनंतर वाढलेलं वजन म्हणजे मुख्यतः अंगात साठलेलं पाणी. ते किती काढायचं, याचा हिशेब इथून सुरू होतो. घाईनं ओढलं, तर बीपी उतरतं, पायात गोळे येतात.

मग फिस्टुला. ऑपरेशन करून धमनीला जोडलेली ही शीर. तिच्यावर बोटं टेकवून थरथर लागते का बघायचं, स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायचा. थरथर नसेल, तर सुई लावायची नाही, डॉक्टरांना बोलवायचं.

डॉक्टर राउंड घेऊन जातात. मुलाखतीही त्यांच्याच होतात. चार तास खाटेपाशी असतात ते टेक्निशियन.

२०२१ च्या केंद्रीय कायद्यानं या कामाला आरोग्य व्यवसाय म्हणून मान्यता दिली. पास झाल्यावर हिलाही नाव नोंदवावं लागेल. मग नोकरी बेळगावात मिळो, नाहीतर पुण्याला.