हवा काढली की गाडी निघते

(कळंबोली, पहाटे साडेपाच. टायरचं दुकान, कॉम्प्रेसरचा आवाज.)

कळंबोलीच्या स्टील मार्केटच्या बाजूला रात्र अशी होतच नाही, जेएनपीटी बंदराकडे जाणारे कंटेनर, पुण्याकडे निघालेले ट्रक, आणि टायरवाल्याच्या दुकानात रात्रभर जळणारा एक बल्ब. इथे येणारा प्रत्येकजण हवा भरायला येतो. आम्ही पण भरूनच घेतोय, चारही टायर थंड असताना मोजून, २६ पीएसआय, म्हणजे हवेच्या दाबाचं माप. पण आज वाळूत गाडी कशी चालवायची ते बघायला चाललोय, आणि दोन-अडीच तासांनी वाळूसमोर उभं राहून यातली जवळजवळ अर्धी हवा आपल्याच हाताने सोडून देणार आहोत. टायरवाल्या दादांना सांगितलं तर ते म्हणाले, मग भरता कशाला साहेब?

भरतो कारण मध्ये पनवेल, पेण, वडखळ असा सगळा डांबरी रस्ता आहे आणि डांबरावर कमी हवेचा टायर तापतो, बाजूच्या भिंती सारख्या दुमडून गरम होतात आणि फुटूही शकतो. वाळूचा नियम त्याच्या बरोब्बर उलटा. हा उलटा नियम मला कोणी शाळेत नाही शिकवला, शोरूममध्ये पण नाही. एका ट्रॅक्टरवाल्या काकांनी शिकवला, तेही गाडीच्या दारापर्यंत समुद्राचं पाणी आल्यावर.

(जुनी जिप्सी, बेलापूरच्या रस्त्यावर.)

ही जिप्सी. वजन साधारण एक टन, पेट्रोल, फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर, लो रेंज म्हणजे कमी गती आणि जास्त ताकदीचे गिअर आहेत, बाकी आरामाचं फार काही नाही. २००९ मध्ये आम्ही तिघे मित्र हिला घेऊन रायगडातल्या एका किनाऱ्यावर गेलो होतो. किनाऱ्यावर गाडी उतरवायची नसते हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं, माहीत असायला हवं होतं. फोर बाय फोर आहे ना, मग कुठेही जाईल, एवढीच अक्कल. कोरड्या वाळूत गाडी शंभर एक फूट गेली, मग जड झाली, मी ब्रेक मारला, परत निघायला ॲक्सिलरेटर दाबला, चाकं फिरली, वाळू मागे उडाली आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी खाली गेली. मी अजून दाबला. ती अजून खाली. पाच मिनिटांत पोट वाळूवर टेकलं आणि क्लचचा जळका वास सुटला.

त्या दिवशी संकष्टी होती. आईचा उपास होता म्हणून नक्की आठवतं. आणि संकष्टी म्हणजे वद्य चतुर्थी, हे मला त्या दिवशी सकाळी आठवलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

कारण माझे आजोबा दिवाळे कोळीवाड्यातले, खाडीत मासेमारी करणारे. त्यांच्याकडे भरतीचं टाइमटेबल नव्हतं, कालनिर्णय होतं. ते म्हणायचे, तिथीची पाऊणपट कर. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पाणी पूर्ण भरणार. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. मग साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, परत सव्वासहा तासांनी भरती. रोज वेळ अंदाजे ५० मिनिटांनी पुढे सरकते, कारण चंद्र रोज तेवढा उशिरा डोक्यावर येतो, आणि पाऊणपट म्हणजे तिथीमागे ४५ मिनिटं, जवळपास तेच गणित. थोडंफार इकडेतिकडे होतं, आतल्या खाडीत पाणी जरा मागून पोचतं, पण डोक्यातल्या डोक्यात करायला याच्याएवढं सोपं काही नाही. आज मोबाईलवर तासातासाचं दिसतं, ते बघाच, पण हे पण येऊ द्या, कारण किनाऱ्यावर रेंज जाते, तिथी जात नाही.

तर चतुर्थीला आम्ही साडेबाराला गाडी रुतवली होती आणि पाणी तीनला पूर्ण भरणार होतं. पौर्णिमा होऊन चारच दिवस झालेले, म्हणजे उधाणाचा जोर अजून पुरता ओसरलेला नाही. दीड वाजता पहिली लाट मागच्या चाकाला लागली. आणि मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही, उभ्या चाकाभोवतून लाट परत जाताना टायरखालची वाळू घेऊन जाते, आणि प्रत्येक लाटेला गाडी बोटभर खाली बसते. कोणी काहीच करत नाहीये आणि गाडी बुडतेय.

होड्या ओढायला तिथे एक ट्रॅक्टर होता. काका आले, गाडी बघितली, पण लगेच दोर लावला नाही. आधी म्हणाले, हवा कार, म्हणजे काढ. आम्हाला कळेना. मग त्यांनीच माचिसची काडी वॉल्व्हमध्ये दाबून धरली. चारही टायर अर्धे बसले, आम्ही हाताने, ताटलीने वाळू काढली, होड्या सरकवायच्या फळ्या मागच्या चाकांखाली दिल्या आणि मग ट्रॅक्टरने दोराला जरासा ताण देताच जिप्सी आलो त्याच चाकोरीतून मागे निघाली. काकांनी पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

(रायगड. किनाऱ्यालगतची खाजगी वाडी, सुरूची झाडं, मोकळी वाळू.)

आता आपण कुठे आहोत ते आधी स्पष्ट सांगतो. ही खाजगी वाडी आहे, मालकांची परवानगी घेतलेली आहे आणि गाडी कुंपणाबाहेर जाणार नाही. समोर जी पुळण दिसतेय तिथे आपण चालत जाऊ. किनारपट्टीला १९९१ पासून सीआरझेडचे, म्हणजे किनारा जपण्यासाठीचे, नियम लागू आहेत, आणि आपल्याकडच्या बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी उतरवायला मनाई आहे, पोलीस गुन्हे दाखल करतात आणि ते बरोबरच करतात, तिथे लहान मुलं खेळत असतात, माणसं झोपलेली असतात. शिवाय कोकणात थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवं रात्री येऊन अंडी घालतात, वाळूखाली दीड फुटावर, वरून काहीच दिसत नाही. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात आणि पाण्याकडे पळतात, आणि टायरची खोल चाकोरी मध्ये आली की तळहाताहून लहान पिल्लाला ती चढता येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना घेऊन ही घरटी सांभाळली. तेव्हा शिकायचं ते अशा ठिकाणी, विचारून.

आज स्टिअरिंगवर माझी भाची आहे. ठाण्याला राहते, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी शिकली, म्हणजे क्लच-ब्रेकवर तिचा हात पक्का. आणि तेच आज विसरायचंय.

(पायाखालची वाळू, जवळून.)

आधी चालून बघायचं. ही कोरडी वाळू, पाऊल घोट्यापर्यंत जातं, दाणा दाण्यावरून घसरतो, धरायला काहीच नाही. आता खाली या, भरती नुकती उतरलेली पट्टी, इथे पाऊल उमटतं पण रुतत नाही. दाण्यांच्या मधे पाण्याचा पातळ पापुद्रा आहे, तो त्यांना एकमेकांना चिकटवून धरतो, दिवाळीचा किल्ला करताना माती ओली करून घेतो ना, तसंच. पण अजून खाली गेलो, जिथे वाळू चकचकीत आहे आणि पाय ठेवला की आजूबाजूला पाणी सुटतं, तिथे परत मऊ, कारण आता पाणी इतकं आहे की दाणे त्यात तरंगतायत. उरणकडे काही ठिकाणी तर वर वाळूचा थर आणि खाली खाडीचा गाळ, ते वरून कळतच नाही. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यावर टांगा नेणारे लोक बघा, घोडा कुठून जातो ते नीट बघा, रोजची वाट असली तरी ते पाण्याची चमक बघूनच वळतात.

(प्रेशर गेज. हवा सुटल्याचा आवाज.)

आता हवा. गाडी, आम्ही आणि सामान धरून बाराशे किलो, म्हणजे एका चाकावर साधारण तीनशे. २६ पीएसआयला टायरचा जमिनीला टेकलेला भाग पोस्टकार्डापेक्षा जरासा मोठा असतो. तेवढ्यावर तीनशे किलो. १४-१५ वर आणला की तोच भाग जवळजवळ दुप्पट होतो, दोन पोस्टकार्डांच्या वर, आणि मुख्य म्हणजे रुंद नाही, लांब होतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. लोकांना वाटतं टायर पसरला म्हणून गाडी चालते, तसं नाही, तो लांबला म्हणून चालते. जड एसयूव्ही असेल तर १८ पासून सुरुवात करा, नाही जमलं तर १६. एकदम १० वर जाऊ नका, वळणात टायर रिमवरून सुटतो आणि वाळूत तो परत बसवणं फार कठीण. आणि रस्त्यावरून आल्या आल्या मोजलं तर टायर गरम असतो, आकडा तीन-चार जास्त दाखवतो, ते धरून चाला.

कमी हवेत तीस-चाळीसच्या वर नाही आणि झटक्यात वळण नाही.

(गाडी सुरू होते.)

फोर-लो, म्हणजे फोर बाय फोर आणि लो रेंज, दुसरा गिअर, क्लच हळू सोडायचा. पहिला गिअर नको, त्यात जोर इतका येतो की चाक लगेच फिरतं. नव्या गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल असतो तो बंद करा, चाक जरा घसरलं की तो इंजिनचा जोर काढून घेतो आणि इथे नेमका तोच जोर पाहिजे. आता ऐका, इंजिनचा आवाज एकसारखा आहे, कुठे किंचाळत नाहीये. पुढे चढ दिसतोय, तर गती आधी घ्यायची, चढावर जाऊन नाही. आधीची चाकोरी असेल तर त्यातच राहायचं, ती वाळू दबलेली असते.

वळण मोठं घ्यायचं, एसटी वळते तसं. पुढची चाकं तिरकी केली की ती चालत नाहीत, नांगरतात.

"मामा, थांबू इथे?"

"थांब, पण ब्रेक नको. क्लच दाब, गाडी आपोआप थांबू दे."

ब्रेक मारला की पुढच्या चाकांसमोर वाळूचा छोटा बांध तयार होतो, आणि निघताना आधी तो चढावा लागतो. २००९ ला मी अडकलो ते खरं तर या बांधामुळे. थांबायचंच तर उतारावर तोंड करून थांबा, निघताना गाडीचं वजनच मदत करतं.

(गाडी मऊ भागात जाते. चाक फिरतं.)

हे मी मुद्दाम करायला लावलंय. बघा, गाडी पुढे जायची थांबली आणि तिने त्याच क्षणी पाय काढला. शाबास. एवढंच येणं म्हणजे अर्धी लढाई, चाक एक फेरा फुकट फिरलं तर छोटासा खड्डा, दहा फेरे फिरलं तर चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, टेकणार. आता सगळे खाली उतरा, सत्तर-सत्तर किलो कमी झालं. पुढे काढायचा हट्ट सोडा, मागे आपण आलो तो दबलेला रस्ता आहे. चाकांच्या मागची वाळू फावड्याने उतरती काढा, पोटाखाली हात घालून बघा, डिफरन्शियल, म्हणजे चाकांच्या मधल्या दांड्यावरचा गोळा, टेकलाय का, टेकला असेल तर तिथली वाळू काढल्याशिवाय काहीही करू नका. हवा अजून दोन पीएसआय कमी. रिव्हर्स, हळू.

निघाली.

नाही निघाली तर रिकव्हरी बोर्ड, म्हणजे दातेरी प्लास्टिकच्या पट्ट्या, चाकाखाली घट्ट खुपसायच्या, आणि त्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही, चाकाने ती पट्टी मागे फेकली तर पाय मोडतो. घरचं पायपुसणं टाकून होत नाही, ते उडून जातं. जॅक लावायचा तर खाली जाड फळी हवीच, नाहीतर गाडी वर यायच्या ऐवजी जॅक खाली जातो.

आणि दोर. हे मी हात जोडून सांगतो. ट्रेलर लावायच्या गोळ्याला रिकव्हरीचा दोर कधीही अडकवू नका. झटक्याचा भार त्याच्यासाठी नसतो, तो तुटला की दोराच्या ताणाने बंदुकीच्या गोळीसारखा येतो, बाहेरच्या देशांत यात माणसं गेलेली आहेत. चेसिसला बोल्ट केलेला हुक असेल तिथेच लावा, दोरावर मधे जाड चादर किंवा गोणपाट टाका, आणि बाकी सगळ्यांना दोराच्या दीडपट लांब पाठवा, व्हिडिओ काढणाऱ्यालाही.

(संध्याकाळ. वाडीतली विहीर, पाण्याचा पाईप.)

निघायच्या आधी दोन कामं. छोटा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर लावून चारही टायर परत २६, याला अर्धा तास लागतो आणि कंटाळा येतो, तरी डांबराला चाक लागायच्या आधी करायचंच. आणि खालून गोड्या पाण्याने धुवायचं, ब्रेक, स्प्रिंगा, चेसिसचे कोपरे. खाऱ्या हवेतली वाळू तिथे ओलावा धरून बसते आणि पत्रा आतून खाते, जिप्सीचा मागचा क्रॉसमेंबर, म्हणजे चेसिसचा आडवा दांडा, मी असाच घालवला.

भाची गेज धरून बसलीय, चौथा टायर चाललाय. समोर पाणी वर चढायला लागलंय. तिला विचारलं, आज तिथी काय? तिने फोनवर बघितलं, नवमी. मग फोन खाली ठेवला आणि ओठातल्या ओठात गणित केलं.

"पावणेसात, मामा."

आत्ता सहा वाजलेत. आम्ही कुंपणाशी उभे राहून बघतोय, सकाळी चाललो होतो ती कडक पट्टी पाण्याखाली गेली, आमची पावलं पण.