काल गेलो होतो, पण 'हॅड गॉन' नाही

नमस्कार मंडळी. संध्याकाळची कामं उरकत आली असतील, कुणाच्या तव्यावर भाकरी असेल, कुणी दुकानाचं शटर ओढत असेल. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडं द्या. आज बोलायचंय इंग्रजीतल्या पास्ट परफेक्ट टेन्सबद्दल, म्हणजे त्या 'हॅड'बद्दल.

माझ्या क्लासला नवीन कुणी आलं की मी विचारते, काल काय केलं, इंग्रजीत सांगा. दहातले आठजण म्हणतात, 'आय हॅड गॉन टू पंढरपूर येस्टरडे.' कॉलेजची पोरं म्हणतात, बँकेतली माणसं म्हणतात, एवढंच काय शिकवणारेही म्हणतात. आणि हे चुकतंय. 'आय वेंट टू पंढरपूर येस्टरडे', बास, एवढंच पाहिजे.

मग हा हॅड येतो कुठून? आपल्या मराठीतून येतो. आपण म्हणतो, मी काल पंढरपूरला गेलो होतो. का म्हणतो, तर जाऊन परत आलोय हे त्या 'होतो'मधे आपण सांगून टाकतो. नुसतं 'तो पंढरपूरला गेला' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं अजून तिकडंच आहे. म्हणजे मराठीत त्या 'होतो'ला काम आहे, तो अगदी बरोबर आहे. पण इंग्रजीतल्या हॅडला ते काम नाही. तुम्ही आलात का नाही याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. म्हणून पहिली गोष्ट लक्षात ठेवा, परत सांगते, मराठीतला प्रत्येक 'होतो' म्हणजे इंग्रजीतला हॅड नाही. प्रत्येक 'होतो' म्हणजे हॅड नाही.

हे मला कुठल्या पुस्तकानं नाही शिकवलं, एका टॉवेलच्या कारखान्यात शिकले मी. पंचवीसेक वर्षं झाली असतील. सोलापुरात अक्कलकोट रोडला एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसमधे मी कामाला होते, बाहेरच्या देशात माल जायचा त्याचा पत्रव्यवहार माझ्याकडं. तेव्हा ईमेल नवीन होता, कॉम्प्युटर एकच, तोही मालकांच्या केबिनमधे, आणि फोनची लाईन लागली की मगच मेल जायचा, तोवर ती घुर्रघुर्र ऐकत बसायचं. इंग्लंडची एक बाई होती, हॉटेलांना टॉवेल पुरवायची, तिनं सॅम्पल मागवलेले. सहा टॉवेल, पांढरे, काठाला निळी पट्टी. सोमवारी मी स्वतः पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून कुरियरला दिले आणि मंगळवारी मेल टाकला, 'वी हॅड शिप्ड युवर टॉवेल्स ऑन मंडे.' माझ्या मनात काय, तर आम्ही सोमवारी टॉवेल पाठवले होते. शब्दाला शब्द. मला तर ते वाक्य फार रुबाबदार वाटलं होतं.

दुपारी तिचं उत्तर आलं, तिची सकाळ म्हणजे आपली दुपार. दोनच ओळी. तुम्ही पाठवले होते, मग पुढं काय झालं? टॉवेल परत आले का तुमच्याकडं?

मालकांनी ते वाचलं आणि सगळं ऑफिस हललं. त्यांना वाटलं कुरियरवाल्याचा तिला काही निरोप गेलाय, माल कुठंतरी अडकलाय. कुरियरला फोन, मग मुंबईला फोन, ट्रंक कॉलचे दिवस नव्हते पण एसटीडीचं बिल होतंच की, मालक एकेका मिनिटाकडं बघत होते. तीन तास. शेवटी संध्याकाळी कळलं की खोकं व्यवस्थित पुढं निघालंय, कुठं काही अडलेलं नाही. मग त्या बाईनं असं का विचारलं? मालक माझ्याकडं बघतायत, मी त्या कागदाकडं बघतेय, आणि मला कळतच नाहीये की माझ्या वाक्यात खोट कुठंय.

त्यावेळी आमचे जॉबर मामा केबिनच्या दारात उभे होते. जॉबर म्हणजे मागांची दुरुस्ती, बांधणी, सगळं बघणारा माणूस, ते सोलापुरात कुणाला सांगायला नको. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, बाजारात कानडीपण बोलायचे, इंग्रजीचं मात्र अक्षर येत नव्हतं. त्यांनी विचारलं, मॅडम, तुम्ही लिहिलं काय आणि तिला कळलं काय? मी सांगितलं, मी लिहिलं पाठवले होते, आणि तिला वाटतंय की त्याच्यानंतर आणखी काहीतरी झालंय. मामा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "मंग तुम्ही बीम चढवून ठेवलाव की मॅडम. बीम चढवलं म्हटल्यावर समोरचा इचारणारच, कापड किती निघालं म्हणून."

तुम्हाला माहितीच आहे, आधी ताण्याचे, म्हणजे उभे, हजारो धागे बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर गुंडाळायचे, ते बीम मागावर चढवायचं, आणि मगच आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडं पळतो. टर्किश टॉवेलच्या मागाला तर दोन बीम लागतात, एक खालच्या विणीचं, एक वरच्या त्या मऊ लूपचं. पण नुसतं बीम चढवून कुणी घरी जात नाही. ते चढवलेलं असतं पुढच्या कामासाठी. हॅडचंही तेच. हॅड म्हणजे चढवलेलं बीम. हॅड म्हटलं की ऐकणारा पुढच्या गोष्टीची वाट बघतो, आणि ती आलीच नाही तर त्याला वाटतं काहीतरी बिघडलं.

त्याच संध्याकाळी मी दुसरा मेल टाकला. 'वी शिप्ड युवर टॉवेल्स ऑन मंडे. दे आर ऑन द वे.' तिचं एका शब्दाचं उत्तर आलं, थँक्स.

जाता जाता एक सांगते, सोलापुरातलं पोरगं रस्त्यावर खेळता खेळता तीन भाषा उचलतं, त्याला घरातच कुणी 'तुला इंग्रजी जमायची नाही' म्हटलं की मला मनापासून राग येतो. असं बोलू नका हो लेकरांना.

तर हॅड लावायचा कधी? मागं घडून गेलेल्या दोन गोष्टी पाहिजेत, आणि त्यातली जी आधी झाली तिला हॅड. दोन गोष्टी, आधीचीला हॅड. पुढं क्रियापदाचं तिसरं रूप, गो वेंट गॉन मधलं गॉन, ईट एट ईटन मधलं ईटन. ते तक्ते शाळेत पाठ केलेत तुम्ही, त्यात वेळ घालवत नाही.

घरातलं उदाहरण घ्या. 'व्हेन द गेस्ट्स केम, वी एट.' म्हणजे पाहुणे आले आणि मग जेवलो, पंगत एकत्र बसली. आता 'व्हेन द गेस्ट्स केम, वी हॅड ईटन.' पाहुणे आले तेव्हा आमचं जेवण आटपलं होतं, आता त्यांच्यासाठी परत चूल पेटवा. एका हॅडनं पाहुणा उपाशी राहतो बघा. अशा वेळी डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी धावून येते, आणि चटणी उखळातली पाहिजे, मिक्सरमधे तिचा भुगा होतो, तेल सुटत नाही, हे माझं ठाम मत आहे. असो.

वाक्यात बिफोर किंवा आफ्टर असेल तर हॅड नाही लावला तरी चालतं, आधी काय नि नंतर काय ते त्या शब्दानंच कळतं. आणि ऐकताना हॅड पूर्ण ऐकू येत नाही, नुसता 'ड' येतो, आय्ड, हीड, वीड. तो वुडचाही असू शकतो. पुढचं क्रियापद ऐका. 'आय्ड ईट' असेल तर वुड, 'आय्ड ईटन' असेल तर हॅड.

शेवटचं उदाहरण आपल्या गावचं. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस, जन्म सोलापूरचा, 1910 सालचा. 1938 साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि 1942 मधे तिकडंच वारले, वय अवघं 32. आता हे नुसतं सांगायचं तर 'ही डाइड इन नाइन्टीन फॉर्टी टू'. साल आहे, गोष्ट एकच आहे, हॅडची गरज नाही. पण आपला देश स्वतंत्र झाला तो दिवस त्यांना बघायला मिळाला नाही, हे सांगायचंय ना, तर म्हणा, 'व्हेन इंडिया बिकेम फ्री, डॉक्टर कोटणीस हॅड ऑलरेडी डाइड.' हे वाक्य मी प्रत्येक बॅचला फळ्यावर लिहिते, आणि दरवेळी वर्ग जरा शांत होतो.

आज जेवताना घरातल्या पोरांना एवढंच विचारा, आई आली तेव्हा तुझा अभ्यास झाला होता का, आणि उत्तर इंग्रजीत मागा. नमस्कार.